डाव्या गुडघ्याच्या एकतीस नोंदी

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका एका तक्त्यात लिहिते. त्या तक्त्यात ज्यांना रकाना नाही अशा गोष्टींसाठी ही वही घेतली. किती दिवस लिहीन माहीत नाही.

आजची स्थिती. ऑफिस राजारामपुरीत, तिसरा मजला, खाली नीटचे क्लासेस. आम्ही अकराजण. चौदा महिने एकच व्हिडिओ गेम करतोय, ओसाकाच्या एका कंपनीसाठी. विषय आपल्याकडची मातीतली कुस्ती. एक म्हातारा पैलवान तालमीत परत येतो आणि एकेक डाव आठवत शेवटची कुस्ती धरतो. एवढीच कथा. ती तिकडचे निर्माते मोरिसाकी-सान यांना सुचली. वय अठ्ठावन्न. इथे एकदाच येऊन गेले, कुस्त्यांचं एक मैदान बघून परत गेले आणि मग चार वर्षं वरिष्ठांच्या मागे लागले होते म्हणे.

मी टेस्टर. पुण्यात असताना जपानीची तिसरी पातळी पास झाले होते, म्हणून बैठकीत दुभाषीही मीच. तांत्रिक बोलण्यापुरतं माझं जपानी पुरतं.

२८ फेब्रुवारीला तपासणी आहे. त्या दिवशी यादीत 'अ' दर्जाचे दोष पंचवीसपेक्षा जास्त असले तर ओसाका काम थांबवू शकतं, असं करारात आहे. यादी मी करायची आणि ती थेट तिकडे जाते. कंपनी उदयसिंह सरांची, पण त्यांनाही ती आधी बघता येत नाही. ही अट मला आवडते.

गुरुवार, ९ जानेवारी

डावांची हालचाल टिपण्यासाठी खरा पैलवान लागतो. ज्ञानू वस्ताद, वय सदुसष्ट. एका तालमीत पोरांना शिकवतात. ठिपके लावलेला काळा सूट घालायचा, डाव करायचा, कॅमेरे तो टिपतात आणि गेममधला पैलवान तसाच हलतो.

सूट बघून ते म्हणाले, "गोचिड्या चिकटल्यागत दिसतंय की."

संघर्ष आमचा अ‍ॅनिमेटर. त्याने खाली गादी अंथरली होती.

"हे काय?"

"लागायला नको म्हणून, वस्ताद."

"गादीवर झोपत्यात. कुस्ती मातीत हुती. माती आना, न्हायतर मी निघालो."

तालमीतून लाल माती आणली. चाळीस पोती, लिफ्ट बंद, तिसरा मजला. तीत वस्तादांनी ताक, तेल, लिंबू, हळद घालून स्वतःच्या हाताने कालवली. दुपारी क्लासचे सर वर आले. "ऑफिस हाय का लोणच्याचा कारखाना? माझी पोरं पेपर सोडवायची सोडून भूक लागली म्हणायल्यात."

वस्तादांनी त्यांच्या कपाळाला चिमूटभर माती लावली आणि परत पाठवलं.

सोमवार, २० जानेवारी

एकतीस डाव टिपून झाले. एकतिसांतही एकच दोष. वजन डाव्या पायावर आलं की गुडघा चार अंश आत झुकतो, सहा फ्रेम तसाच राहतो आणि मग सावरतो. एका सेकंदाच्या साठ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. डोळ्याला जेमतेम दिसतो, पण दिसतो.

व्याख्या अशी आहे: मुख्य पात्राच्या शरीरात वारंवार होणारी, आराखड्यात नसलेली हालचाल. दर्जा अ.

संघर्षला विचारलं, हाताने साफ करायला किती वेळ लागेल. एका डावाला दोन दिवस म्हणाला. बासष्ट दिवस. तपासणीला एकोणचाळीस उरलेत.

"कुणाच्या लक्षात येतंय, मॅडम?"

"माझ्या आलं."

"तुम्हाला काय, आमच्या जन्मतारखेतबी दोष सापडंल."

वस्तादांना गुडघ्याचं विचारलं. अठ्ठ्याऐंशी सालच्या मैदानात गेला म्हणाले. डॉक्टरांनी कुस्ती बंद सांगितली होती, त्यानंतर ते अकरा वर्षं लढले. "ह्यो गुडघा वाकला की समोरच्याला वाटतंय, म्हातारा पडला. त्यो अंगावर येतोय. आला की ढाक." तो डाव हाताने दाखवला, माझा खांदा धरून, अगदी हलकं. मला तोल सावरता आला नाही.

हे तक्त्यात लिहिलं नाही. तिथे कारणांचा रकाना नाही.

शनिवार, २५ जानेवारी

सुट्टी. मोरिसाकी-सान यांच्याविषयी जे जे सापडलं ते वाचलं. १९९० मध्ये टेस्टर म्हणून लागले. नऊ गेम. पहिल्यात कोळ्याची नाव आहे, ती सरळ नेली तरी डावीकडे सरकते. २००३ चा गेम सगळ्यांत चालला. डोंगरातला पोस्टमन गावोगाव पत्रं देतो. त्यानंतरचे दोन पडले, एकावरून त्यांचं नाव काढलं गेलं. २०२१ पासून त्यांच्या एकट्याच्या सहीवर आराखड्यात बदल होत नाही, वरिष्ठांची सही लागते. हे शेवटचं मात्र मला आमच्याच करारावरून माहीत आहे.

पोस्टमनचा गेम विकत घेऊन दोन तास खेळले. प्रत्येक चढावर तो थांबतो आणि धाप टाकतो. अठ्ठेचाळीस फ्रेम. बटण कितीही दाबलं तरी हलत नाही. हा दोष त्या वेळी कुणी नोंदवला कसा नाही?

आईचा मलकापूरहून फोन. "तिथं बरं चाललंय नव्हं?" होय म्हटलं. पुण्याची नोकरी सुटल्यापासून ती एवढंच विचारते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी साडेनऊला ओसाकाशी ऑनलाइन बैठक. मी एकतीस नोंदी कळवल्या. संघर्षने विचारायला सांगितलं की जास्तीची माणसं घेऊन साफ करू का. मोरिसाकी-सान बराच वेळ वस्तादांच्या ढाकेचं चित्रण मागे-पुढे करत राहिले. म्हणाले, घाई नको. पुन्हा लावलं. मग विचारलं, हे गृहस्थ चालताना कसे चालतात? मी म्हटलं, लंगडतात. ते हसले. पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

त्यांचे वरिष्ठ कॅमेरा बंद ठेवून बसले होते. शेवटी एवढंच बोलले की करारातल्या मर्यादा सर्वांच्या लक्षात असतीलच.

मोरिसाकी-सान यांची बसायची जागा बदललेली दिसते. मागे खिडकी असायची. आज प्रिंटरच्या कागदांची खोकी होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज मोरिसाकी-सान यांनी मला एकटीला ऑनलाइन बैठकीला बोलावलं. विषय लिहिला नव्हता. वस्ताद सूट घालून खोलीत बसले होते, एका डावाचं शूटिंग पुन्हा व्हायचं होतं. त्यांना बाहेर पाठवायचं कारण नव्हतं. जपानी त्यांना येत नाही.

मोरिसाकी-सान यांनी आधी हवा विचारली. कोल्हापूर चौतीस अंश, ओसाका सहा. मग एक गोष्ट सांगितली. नव्वद साली ते टेस्टर असताना त्यांनी लिहिलं, नाव डावीकडे सरकते. त्यांच्या वरिष्ठांनी विचारलं, हा समुद्र असू शकतो का? त्यांनी एक दिवस विचार केला आणि यादीत लिहिलं, दोष नाही, समुद्र आहे. टेस्टरने असं लिहिलं की ते आराखड्यात धरलं जातं, तिथे वरच्यांची सही लागत नाही. "तो नियम अजून आहे," म्हणाले. ही गोष्ट का सांगितली ते समजलं नाही. अकरा मिनिटं गेली.

नंतर विचारलं, "त्या एकतीस नोंदी, त्या एकाच माणसाच्या आहेत, नाही का?"

मी म्हटलं, "होय. पण फाइली एकतीस आहेत."

"तसंच आहे," ते म्हणाले. मग मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मी मोजलं नाही, पण बराच वेळ. संपर्क तुटला असं वाटून मी दोनदा हाक मारली. त्यांनी वर बघितलं, कामाबद्दल आभार मानले, बैठक संपली.

वस्तादांनी विचारलं, "काय मागत हुता त्यो?"

"काही नाही. जुनी गोष्ट सांगत होते."

"न्हाय. मागत हुता."

"वस्ताद, मला भाषा येते."

"तुला भाषा येती, खरं. त्येची मान बघितली न्हाईस व्हय? आखाड्यात माणूस असा वाकतोय तवा एक तर पाय धरायला, न्हायतर हात मागायला. ह्यो पाय धरनारा न्हाय दिसत."

मी म्हटलं, शूटिंग सुरू करू.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मागायचं असतं तर त्यांनी शब्दांत मागितलं असतं. निर्माते आहेत ते. मी अकराजणांतली एक टेस्टर.

आणि मागितलं असतं तरी. पुण्यात एकदा साहेबांच्या सांगण्यावरून तीन नोंदींची एक केली होती. ते यंत्र सलाइनचं होतं. पुढचं इथेही लिहीत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

उदयसिंह सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणजे अवघड काहीतरी होतं.

"शेवटी आकडा किती धरणार हाईस, प्रियदर्शनी?"

"सांगता येत नाही, सर."

"पंचवीसच्या आत हाय का भाईर, एवढंच. मान हलीव नुसती."

"करारात नाही बसत."

ते खुर्चीत मागे रेलले. "तुझी निवड मीच केली. इंटरव्ह्यूला ही पोरगी माझ्या वेबसाइटवरच्या अकरा चुका लिहून घेऊन आल्ती. मी घरात सांगितलं, हिऱ्याची कणी मिळाली." चहा ढवळत राहिले. "खालच्या क्लासवाल्यानं ही जागा मागितलीया. मी दिली न्हाय. एवढंच सांगायचं हुतं."

संघर्षला हे कुठून तरी कळलं होतं. जिन्यात म्हणाला, "कुणाला पाडायला निघालाय मॅडम, ह्यो एक विचार करा." तो थट्टेत बोलत नव्हता. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. हे मी नोंदीत धरू शकत नाही. धरू शकले असते तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

यादी पुन्हा तपासली. 'अ' दर्जाचे चौतीस. त्यातले एकतीस गुडघ्याचे, तीन इतर. एकतिसांची एक नोंद केली तर चार.

समुद्र लिहिला तर तीन.

दिवसभर तो रकाना उघडून बसले. वस्तादांचा एकेक डाव लावला. एकतिसांतून एक तरी असा सापडावा ज्यात गुडघा झुकत नाही, म्हणजे तो स्वभाव नाही, दोष आहे हे सिद्ध होईल. नाही सापडला. उलट बाजूने पाहिलं तर हा पुरावा दुसऱ्याच गोष्टीचा होऊ शकतो. पण मी दोन्ही बाजू मांडणारी वकील नाही. व्याख्या लिहिलेली आहे.

मला भीती कशाची वाटते ते मला माहीत आहे. खोटं लिहिण्याची नाही. एकदा नोंदी एकत्र केल्या की हात सरावतो, त्याची.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी यादी पाठवली. अ दर्जा: ३४.

जेवले नाही.

गुरुवार, ६ मार्च

पत्र आलं. दहा ओळी. तिसऱ्या ओळीत माझा आकडा. काम थांबवण्यात येत आहे. करारानुसार सर्व साहित्य पंधरा दिवसांत पुसून तसं प्रमाणपत्र पाठवावं.

उदयसिंह सरांनी ते मला मोठ्याने मराठीत वाचायला लावलं. मग श्रुती, जी मातीचे कण पडद्यावर उडवायचं काम सात महिने करत होती, म्हणाली, "म्हणजे माती बी पुसायची?"

"सगळं," मी म्हटलं.

कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं. संघर्षने जाताना माझ्या टेबलावरचा स्वतःचा चार्जर काढून घेतला, बस्स.

शुक्रवार, ७ मार्च

मोरिसाकी-सान यांचा मेल, फक्त मला.

लिहिलंय की पस्तीस वर्षांत पाहिलेली ही सर्वांत अचूक यादी आहे. त्यांच्या पहिल्या वरिष्ठांना ती दाखवायला आवडलं असतं, पण ते आता नाहीत. एप्रिलपासून त्यांची स्वतःची बदली जुन्या गेमच्या खोक्यांची नोंद ठेवण्याच्या विभागात झाली आहे. तिथे चुका होत नाहीत, खोकी मोजायची असतात. शेवटी, वस्तादांना गुडघा उबेत ठेवायला सांगा.

कौतुक आहे असं धरते. चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी तसंच धरावं लागतं.

रविवार, ९ मार्च

पोस्टमनचा गेम पुन्हा लावला. या वेळी चढावर बटण दाबलं नाही. अठ्ठेचाळीस फ्रेम नुसती बसले. त्या थांब्यात खाली दरीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. गेल्या वेळी बटणाच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं.

बावीस चढ चढले. प्रत्येक चढावरची हाक वेगळी आहे.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. रस्त्यावर गाड्या नाहीत, सगळे रंगात. ऑफिसात मी एकटी, म्हणून आजचा दिवस निवडला. उद्याचा दिवस मुदतीचा शेवटचा.

माती, तालीम, प्रेक्षक, हलगीचा आवाज पुसला. शेवटी वस्तादांच्या फाइली. एकदम पुसता आल्या असत्या. एकेक केल्या. ढाक, घिस्सा, कलाजंग, एकेरी पट. ढाक पुसण्याआधी एकदा लावली. गुडघा झुकला, सहा फ्रेम. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून कुणीतरी पिचकारी मारली आणि खिडकीच्या काचेवर गुलाबी पाणी ओघळलं. मी दचकले आणि तेवढ्यात डाव संपला. पुन्हा लावली नाही.

प्रमाणपत्राचा आकड्याचा रकाना उद्या भरेन असं ठरवलं. का, ते माहीत नाही. आकडा माहीत होता.

गुरुवार, २० मार्च

जिन्यात पावलं ऐकली. एक लांब, एक आखूड. न बघता कळलं.

वस्ताद रिकामी पोती घेऊन आले होते. तालमीची माती फेकून देत नाहीत, परत न्यायची असते. मी फावडं धरलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

दहा-बारा पोती भरल्यावर ते टेकले. "मला एकदा दाव की. सूट घालून आठ दिस नाचलो, त्यो कसा दिसतोय ते काय बघितलंच न्हाय."

इतक्या दिवसांत आम्ही कुणीच त्यांना दाखवलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर दाखवू, असं सगळे म्हणत होतो.

"पुसलं, वस्ताद."

"समदं?"

"एकतीसच्या एकतीस."

"एकतीस कशानं? मी एकलाच हुतो की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मातीकडे. "त्यो जपानी," म्हणाले, "त्या दिशी ह्येच इचारत हुता व्हय?"

"होय."

"मग?"

"मी फाइली सांगितल्या."

त्यांनी मान हलवली. पराभूत पैलवानाला उठवताना बहुतेक अशीच हलवत असतील. "तुजं बी बरोबरच असंल," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात दाबून उठले. "गुडघा उबेत ठेवा म्हणून त्यांनी निरोप दिलाय," मी म्हटलं. हे सांगायला मला तेरा दिवस लागले. "आता उन्हाळा आला की," ते म्हणाले. "त्येला म्हनावं, तुज्याकडंच थंडी आसंल."

ते गेल्यावर प्रमाणपत्र भरलं. पुसलेल्या हालचालींची संख्या: १. तपशील: ज्ञानू वस्ताद यांचे चालणे. पाठवलं.

सोमवार, २४ मार्च

सकाळी ओसाकाचं उत्तर. कुणा तरुण कर्मचाऱ्याचं, नम्र. प्रमाणपत्रातली संख्या २८ फेब्रुवारीच्या यादीशी जुळत नाही. यादी अत्यंत अचूक असल्याने चूक प्रमाणपत्रात असावी. कृपया दुरुस्त करावी.

सहा मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं. ३१.

चाळीसावं पोतं नेऊन झालं. फरशी पुसली, तरी फटींत लाल राहिलीच. क्लासचे सर बाकं कुठे लावायची ते मोजून गेले.